जंगलाचा प्लॅन करताय? मग जंगलात राहणाऱ्याला विचारा, आणि विचारलंत तर ऐका पण

काटेरी बांबूचं बेट जवळून बघितलंय का कधी? कळक म्हणतात तो. बुडाशी काटेरी फांद्यांची अशी गुंतवळ असते की हात घालायची सोय नाही, शर्ट अडकला तर शर्टच सोडून द्यावा लागेल. आता कल्पना करा की तुम्हाला हा बांबू तोडून कागद गिरणीला पाठवायचाय. पहिला विचार काय येईल? ही काट्यांची कटकट आधी साफ करू, मग तोडणाऱ्याला आत जाता येईल, बेट मोकळं होईल, नव्या कोंबांना जागा मिळेल. एकदम लॉजिकल.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात अगदी हेच चालू होतं. बेटाच्या बुडाची काट्यांची जाळी काढून टाकायची असा 'शास्त्रशुद्ध' नियमच होता. आणि तिथले गावकरी म्हणत होते की अहो काटे काढू नका, काटे काढलेत तर बेट जाईल. कोण ऐकतंय! अडाणी लोक, त्यांना काय कळतंय फॉरेस्ट्रीतलं. मग सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे बांबूचा अभ्यास केला आणि निघालं काय, तर गावकरी बरोबर होते. पावसाळ्यात जमिनीतून कोंब वर येतो तेव्हा तो मऊ, रसरशीत असतो, गुरं खातात, रानडुक्कर खातं, साळिंदर खातं, माकडं खातात. त्याला वाचवणारी एकच गोष्ट म्हणजे ती काट्यांची जाळी. ती काढली की कोंबाला कोणी वाली नाही, कोंब गेला की पुढच्या वर्षीचा बांबू गेला, आणि असं चार-पाच वर्षं झालं की बेट म्हातारं होऊन संपतं. म्हणजे बांबूच्या भल्यासाठी काढलेला नियमच बांबू संपवत होता.

हा किस्सा मी सगळ्यांना सांगतो कारण 'आदिवासींचं पारंपरिक ज्ञान' म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर एकदम गूढ काहीतरी येतं, जडीबुटी, मंत्र, निसर्गाशी बोलणारे आजोबा वगैरे. तसं काही नाही हो. गावकऱ्यांच्या म्हणण्यात एक 'कारण' होतं, आणि ते कारण तपासता येत होतं. ते कोणी तपासलं नव्हतं एवढंच.

आता हे ज्ञान म्हणजे नेमकं काय ते जरा सोपं करून सांगतो. यात चार गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात. एक म्हणजे निरीक्षण, कुठलं झाड कधी फुलतं, कुठल्या उतारावर पाणी टिकतं, कुठला पक्षी आला की कुठलं फळ पिकलेलं असतं. दुसरं म्हणजे काम, म्हणजे कसं तोडायचं, कधी जाळायचं, किती घ्यायचं. तिसरं म्हणजे नियम, कोणी घ्यायचं आणि कोणी नाही, आणि नियम मोडला तर काय. आणि चौथी जी लोक विसरतात ती म्हणजे नातं, म्हणजे हे जंगल आमचं आहे, उद्या पोरांना इथेच राहायचंय, म्हणून आज हात आखडता घ्यायचा. बाहेरचा माणूस येतो आणि त्यातलं पहिलं तेवढं वहीत उतरवून घेऊन जातो आणि म्हणतो झालं, ज्ञान घेतलं. बाकीचं तिथेच राहतं, आणि मग त्याच्या वहीतलं दुसरीकडे चालत नाही.

विज्ञान आणि हे ज्ञान यात भांडण लावायची मला काही गरज वाटत नाही. फरक साधा आहे. शास्त्रज्ञाला एका गोष्टीबद्दल हजार ठिकाणी काय होतं ते माहीत असतं, आणि तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्याला एकाच ठिकाणी हजार गोष्टी काय करतात ते माहीत असतं. संशोधनाचा प्रोजेक्ट तीन वर्षांचा, फार तर पाच, फंडिंग संपलं की मंडळी गेली. आणि सागवान तयार व्हायला साठ-सत्तर वर्षं. आता एवढ्या हळू वाढणाऱ्या गोष्टीला तीन वर्षांच्या डेटावर चालवायचं म्हणजे ट्रेलर बघून अख्ख्या पिक्चरची गोष्ट सांगण्यासारखं आहे.

कॅनडातल्या मिकमॉ या मूलनिवासी समाजातल्या अल्बर्ट आणि मर्डिना मार्शल या ज्येष्ठ जोडप्याने २००४ साली यासाठी एक छान शब्द मांडला, एटुआप्टमुमक, म्हणजे दोन डोळ्यांनी बघणं. एका डोळ्याने त्यांच्या समाजाच्या ज्ञानातलं जे बळकट आहे ते बघायचं, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानातलं, आणि दोन्ही डोळे एकदम उघडे ठेवायचे. एक डोळा मिटला की खोली कळत नाही, कधी एका डोळ्याने सुईत दोरा ओवून बघा.

मग ही वेळ आली कशी, म्हणजे जंगलात राहणाऱ्यालाच जंगलाच्या प्लॅनमधून बाहेर कोणी काढलं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत. तिथे लाकूड कमी पडायला लागलं म्हणून जंगलाचा हिशोब मांडायची पद्धत निघाली. किती झाडं, किती घनफूट, दरवर्षी किती तोडली तर पुरतील. हिशोब सोपा व्हावा म्हणून मिश्र जंगल काढून एकाच जातीची, एकाच वयाची झाडं रांगेत लावली. पहिली पिढी जोरात आली, सगळे खूश. दुसऱ्या पिढीत वाढ मंदावली, कारण पहिली पिढी जुन्या मिश्र जंगलाने साठवलेल्या मातीच्या जिवावर वाढली होती आणि ती शिल्लक आता संपत आली होती. पण तोपर्यंत ही पद्धत जगभर पसरलेली. भारतात वनखातं उभं राहिलं १८६४ मध्ये आणि त्याचे पहिले प्रमुख डिट्रिख ब्रँडिस हे जर्मनच होते.

याच ब्रँडिसचा एक किस्सा मला फार बोलका वाटतो. त्याआधी ते बर्मात होते, सागवानाच्या जंगलांवर. तिथे करेन लोक डोंगरउतारावर फिरती शेती करायचे, म्हणजे जंगलाचा एक तुकडा साफ करायचा, जाळायचा, काही वर्षं पीक घ्यायचं आणि मग जमीन सोडून पुढे जायचं. इंग्रजांना ती नासधूस वाटायची. पण त्याच लोकांना सागवान, उतार, राख, पाऊस यातलं सगळं कळत होतं. मग १८५० च्या दशकात एक तोडगा निघाला, की पिकाबरोबर सागाची रोपंही तुम्हीच लावायची आणि जोपासायची. हीच ती प्रसिद्ध 'टौंग्या' पद्धत, नावसुद्धा बर्मी, टौंग म्हणजे डोंगर आणि या म्हणजे शेत. सागवान झकास आलं, आफ्रिकेपर्यंत ही पद्धत गेली, पुस्तकांत छापून आली. आणि करेन लोकांचं काय? झाडं सावली धरायला लागली की पीक बंद, जमीन सरकारी सागवानाची, तुम्ही पुढच्या तुकड्यावर चला.

म्हणजे 'पारंपरिक ज्ञानाचा वापर' तर दीडशे वर्षांपूर्वीच झाला होता. पद्धत घेतली, मेहनत घेतली आणि माणसाला बाहेर ठेवलं. म्हणून कोणी मला उत्साहाने सांगायला लागलं की आता आम्ही प्रोजेक्टमध्ये पारंपरिक ज्ञान 'इंटिग्रेट' करतोय, तर मी पहिलं विचारतो की निर्णय कोण घेणार आहे. बाकीचं नंतर बोलू.

आता आगीचं बघू, कारण या विषयात सगळ्यात मोठी गडबड आगीवरूनच झालीय. जंगलातली आग म्हणजे वाईट, ती विझवायची, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण वणवा वेगळा आणि लावलेली आग वेगळी. उत्तर ऑस्ट्रेलियात हजारो वर्षं मूलनिवासी लोक कोरडा हंगाम सुरू होताना, गवत अजून अर्धं ओलं असताना, छोटे छोटे तुकडे जाळत आलेत. ही आग बघितली तर आग वाटणारच नाही, ज्वाळा गुडघ्या-कमरेएवढ्या, माणूस बाजूने चालत चालत लावत जातो, सरडे-किडे पुढे सटकतात, झाडाच्या खोडावर खालीच काळा डाग पडतो, शेंड्याची पानं हिरवीच राहतात, आणि रात्री दव पडलं की ती आपोआप विझते. असे जळलेले आणि न जळलेले तुकडे शेजारी शेजारी राहिले की पुढे हंगामाच्या शेवटी वीज पडून वणवा लागला तरी तो कुठेतरी जळक्या तुकड्यापाशी येऊन थांबतो. खायला काही नाही तर आग तरी काय करणार.

मग लोक तिथून हलवले गेले, ख्रिस्ती मिशनांत आणि वस्त्यांत गेले, जाळणं थांबलं, आणि गवत-पाचोळा साठत गेला. हंगामाच्या शेवटी लागणारे वणवे प्रचंड व्हायला लागले. २००६ साली वेस्ट अर्नहेम लँड भागात एक प्रकल्प सुरू झाला, सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर, जिथे तिथल्या मूलनिवासी रेंजर्सनी हंगामाच्या सुरुवातीचं जाळणं परत चालू केलं. काही पायी फिरून, काही हेलिकॉप्टरमधून पेटत्या गोळ्या टाकून. (हेलिकॉप्टर ऐकून काही जणांचा हिरमोड होतो, त्यांना परंपरा म्हणजे दगडाची हत्यारंच हवी असतात.) उशिरा लागणारे मोठे वणवे कमी झाले, त्यामुळे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे हवा तापवणारे वायू कमी निघाले, आणि जे कमी निघालं त्याचे पैसे मिळायला लागले. एका गॅस कंपनीने आपल्या प्रदूषणाची भरपाई म्हणून ते द्यायचा करार केला होता. म्हणजे पोरांना स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या आजोबांकडून शिकलेल्या कामाची नोकरी. 'ज्ञान जतन करा' अशी शंभर पोस्टरं लावून जे झालं नसतं ते पगाराने झालं.

अमेरिकेची कथा जास्त कडू आहे. कॅलिफोर्नियात १८५० च्या एका कायद्यानेच मूळ रहिवाशांच्या आग लावण्यावर बंदी घातली होती, म्हणजे राज्य स्थापन झालं त्याच वर्षी. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही जमीनमालक म्हणायला लागले की हलकी आग लावलेली बरी असते, तर वनखात्यातले लोक त्याला 'पायूट फॉरेस्ट्री' म्हणून चिडवायचे, पायूट हे एका आदिवासी समाजाचं नाव आणि इथे ते शिवी म्हणून वापरलेलं. १९३५ मध्ये तर धोरणच आलं की कुठलीही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. कित्येक दशकं इमानेइतबारे आगी विझवल्या. आणि दरवर्षी जो पाचोळा थोडा थोडा जळून गेला असता तो साठत राहिला, साठत राहिला, आता तिथे जे वणवे लागतात ते सगळं जग टीव्हीवर बघतं. हवामान बदलाचा हात त्यात आहेच, पण सरपण कोणी रचून ठेवलं हेही विचारायला पाहिजे.

कॅलिफोर्नियातल्याच क्लामाथ नदीकाठच्या कारुक आणि युरोक या आदिवासी लोकांसाठी ही आग म्हणजे नुसती वणव्याची खबरदारी नव्हती. त्यांच्या टोपल्या हेझल नावाच्या झुडपाच्या काड्यांच्या असतात. न जळलेल्या झुडपाची काडी वाकडी, फांद्या फुटलेली, किडीने खाल्लेली. झुडूप वरून जाळलं की मुळापासून सरळसोट, लवचिक धुमारे फुटतात, आणि ते एक-दोन वर्षांच्या आत तोडले तरच टोपलीला चालतात. म्हणजे आग नाही तर काडी नाही, काडी नाही तर टोपली नाही, टोपली नाही तर विणायला शिकवणारी आजी कोणाला काय शिकवणार. एक नियम बंद केला आणि अख्खी साखळी तुटली.

आणि त्यांचं आणखी एक म्हणणं होतं, की धूर सामन माशासाठी चांगला. ऐकायला एकदम श्रद्धा वाटते ना? पण विचार करा, उन्हाळ्यात खोऱ्यात धूर भरला की ऊन अडतं, ऊन अडलं की नदीचं पाणी कमी तापतं, आणि सामनला गार पाणी लागतं, पाणी तापलं की तो मरतो. २०१८ मध्ये याच खोऱ्यातल्या वणव्यांच्या धुराचा आणि नदीच्या तापमानाचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि धुराने पाणी गार राहतं हे मोजून दिसलं. हे वाचलं तेव्हा मी स्वतः जरा ओशाळलो, कारण त्याआधी मी पण त्याला मनातल्या मनात 'छान लोककथा' असंच म्हटलं असतं.

परत दक्षिण भारतात येऊ. कर्नाटकातच बिळिगिरी रंगन टेकड्यांवर सोलिगा लोक राहतात. ते जानेवारीच्या आसपास जंगलातला पाचोळा जाळायचे, त्याला ते 'तरगु बेंकी' म्हणतात, पाचोळ्याची आग. १९७४ मध्ये अभयारण्य झालं, जाळणं बंद. पुढच्या काही दशकांत तिथे घाणेरीने, टणटणी म्हणा हवं तर, जंगलाचा तळ भरून टाकला, इतकी दाट की गवत नाही, नवीन रोपं नाहीत. आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ वाढलं. आता आवळे गोळा करणं हा सोलिगांचा उत्पन्नाचा मार्ग, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला सरळ वाटणार की हे जास्त तोडतात म्हणून आवळा संपतोय. सोलिगा म्हणत होते की असं नाही, आग बंद केल्यामुळे बांडगूळ माजलंय, आणि ते झाड मारतंय. संशोधकांनी झाडं मोजली तर बांडगूळ लागलेल्या आवळ्याला फळं कमी लागतात आणि झाडं मरतात जास्त, हे खरंच निघालं. आरोपी म्हणून ज्याला धरलं होतं तोच साक्षीदार निघाला. २०११ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि त्याच वर्षी सोलिगांचे सामूहिक वनहक्कही मान्य झाले, व्याघ्र प्रकल्पाच्या आत असं पहिल्यांदाच झालं.

आता कोणी म्हणेल की आग, आवळा, टोपल्या हे सगळं ठीक आहे, पण फॉरेस्ट्री म्हणजे शेवटी लाकूड. धंदा. तिथे हे ज्ञान टिकतं का? तर अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मेनोमिनी लोकांचं जंगल आहे, दोन लाख एकरांच्या वर. १८५४ पासून त्यांनी तिथून दोन अब्ज बोर्ड फुटांपेक्षा (बोर्ड फूट म्हणजे लाकूड मोजायचं एक माप) जास्त लाकूड काढलंय, आणि आज तिथे उभं असलेलं लाकूड १८५४ पेक्षा जास्त आहे. परत वाचा ते वाक्य, मी पण दोनदा वाचलं होतं. उपग्रहाच्या फोटोत त्यांच्या जमिनीची सीमा कडेच्या शेतजमिनीपासून सरळ रेघ मारल्यासारखी वेगळी दिसते.

त्यांच्यात जुन्या ओशकोश नावाच्या प्रमुखाचं म्हणून सांगितलं जातं ते साधारण असं, की उगवतीकडून सुरुवात करा, फक्त पिकलेली, आजारी आणि पडलेली झाडं घ्या, मावळतीच्या टोकाला पोचलात की वळा आणि तसंच परत या, जंगल संपणार नाही. आता आजच्या भाषेत याला निवडक तोड म्हणतात आणि मेनोमिनी लोक ती कम्प्युटर, नकाशे आणि ट्रेन केलेले फॉरेस्टर वापरूनच करतात, कायमचे प्लॉट आखून झाडं मोजतात. पण मूळ क्रम बदलला नाहीये. बाकीकडे गिरणीला अमुक इतकं लाकूड पाहिजे म्हणून जंगल तेवढं देतं. इथे जंगल जेवढं देईल तेवढंच गिरणी चालवते. एवढाच फरक, पण सगळा फरक तोच.

आणि हे सुखासुखी झालेलं नाही. १९०८ च्या कायद्यात त्यांच्या जंगलात निवडक तोडच करायची असं होतं, तरी सरकारी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली काही भाग सरसकट साफ केला गेला. मेनोमिनींनी कोर्टात केस केली आणि १९५१ मध्ये ८५ लाख डॉलरवर ती मिटली. लगेच १९५४ मध्ये सरकारने त्यांचा आदिवासी समाज म्हणून दर्जाच संपवायचा कायदा केला, आणि तो परत मिळायला १९७३ उजाडलं. म्हणजे 'शाश्वत वनव्यवस्थापनाचं मॉडेल' म्हणून आज जे परिषदांमध्ये दाखवतात ते टिकलं कारण लोक भांडले.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल की हा एकतर्फी लिहितोय. सगळंच पारंपरिक बरोबर असतं असं अजिबात नाही. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि ती आग हातातून सुटून जंगलात पसरते, हे होतं, दरवर्षी होतं. फिरती शेती वीस वर्षं जमीन पडीक ठेवून केली तर जंगल परत येतं, पण माणसं वाढली, जमीन आकसली आणि पडीक काळ चार-पाच वर्षांवर आला की तीच पद्धत माती खाते. शिवाय घाणेरीसारखं झुडूप पूर्वजांनी बघितलंच नव्हतं, आणि ते एकदा माजल्यावर जुनीच आग लावली तर ती पूर्वीसारखी हलकी राहत नाही, इंधनच बदललंय. पाऊस महिना-महिना सरकतोय, मग अमुक फूल फुललं की तमुक करायचं हे वेळापत्रक चुकणार. हे तिथल्या लोकांना कळत नाही असं समजू नका, ते आपल्या आधी सांगतात की आता पहिल्यासारखं जमत नाही.

आणि एक प्रकार मला खटकतो तो म्हणजे आदिवासी म्हणजे निसर्गाचे पुजारीच असं धरून चालायचं. मग त्यांच्यातल्या कोणी ट्रॅक्टर घेतला, मोबाईल घेतला, झाड विकलं की लगेच 'हे पण बिघडले'. अरे तुम्ही शहरात राहून चार गाड्या ठेवणार आणि त्याने आयुष्यभर तुमच्यासाठी संत बनून राहायचं? कुठल्याही मॅनेजरसारखं त्याच्या कामाकडे बघा. जे चाललं ते घ्या, जे चुकलं ते त्याच्याशी बसून बोला.

मग या ज्ञानाला प्रोत्साहन द्यायचं म्हणजे काय करायचं, हा खरा प्रश्न. बहुतेक ठिकाणी काय होतं, प्लॅन ऑफिसात तयार होतो, दहा वर्षांचा, नकाशे रंगवून झालेले असतात, आणि मग गावात एक मीटिंग लावतात, चहा-बिस्किट, सह्या, फोटो. 'स्थानिकांचा सहभाग' रकान्यात टिक. त्या मीटिंगमध्ये कोणी म्हणालं की या उतारावर लावू नका, इथे पावसाळ्यात झरा फुटतो, तर ते मीटिंगच्या नोंदीत येतं आणि तिथेच राहतं. त्यापेक्षा नकाशा कोरा असताना जा, आणि मीटिंग न लावता जंगलात चाला. माणसाला खुर्चीवर बसवून 'तुमचं ज्ञान सांगा' म्हटलं तर त्याला काही सुचत नाही. त्याच्याबरोबर सकाळी चालायला लागा, प्रत्येक वळणावर तो काहीतरी सांगतो. आणि बाईबरोबर चाललात तर वेगळंच कळतं, कारण कंद, पालेभाज्या, सरपण, पाणी हे तिच्याकडे असतं, आणि मीटिंगला बोलायला पुरुष असतात.

पैसे द्या. हे सांगताना लोक का लाजतात कळत नाही. कन्सल्टंटला दिवसाचे पैसे देता, ड्रोनवाल्याला देता, आणि ज्याच्या डोक्यात चाळीस वर्षांचा डेटा आहे त्याला शाल आणि नारळ. तोही माणूस दिवसभराची मजुरी बुडवून तुमच्याबरोबर आलेला असतो.

संमतीचं पण तसंच. संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा केला, १४४ देश बाजूने आणि फक्त ४ विरोधात, आणि ते ४ कोण तर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका. नंतर चौघांनीही भूमिका बदलली ती गोष्ट वेगळी. त्यात तत्त्व असं आहे की आधी, पूर्ण माहिती देऊन, कुठलाही दबाव न टाकता संमती घ्यायची. यातली खरी गोम अशी की 'नाही' म्हणायची मुभा नसेल तर 'हो' ला काही किंमत नाही. जंगल नीट सांभाळलं जातंय म्हणून जंगलाला जे एफएससी प्रमाणपत्र मिळतं त्यातही मूलनिवासींच्या हक्कांचं तत्त्व आहे, म्हणजे लाकूड विकणाऱ्या कंपनीलाही हे आता टाळता येत नाही, निदान कागदावर तरी.

आणि माहिती कोणाची? केरळातल्या काणी लोकांची गोष्ट यात नेहमी सांगतात. १९८७ मध्ये अगस्त्य टेकड्यांत शास्त्रज्ञांबरोबर गेलेले काणी वाटाडे चालताना एक फळ खात होते आणि दमत नव्हते. त्यातून त्या 'आरोग्यपच्चा' वनस्पतीपासून औषध बनलं, परवान्याचे पैसे आणि रॉयल्टी आली आणि त्यातला अर्धा वाटा काणींच्या ट्रस्टला द्यायचं ठरलं, त्या काळात ही जगावेगळी गोष्ट होती. पण वनस्पती ज्या जंगलात होती त्याच्यावर काणींची सत्ता नव्हती. बाहेरचे लोक येऊन झाडं उपटून न्यायला लागले आणि ती लावायला-विकायला वनखात्याची अडचण. म्हणून आता जिथे शहाणपणाने काम चालतं तिथे नकाशे समाज स्वतः बनवतो आणि स्वतःकडे ठेवतो. सोलिगांनी आपली शेकडो पवित्र ठिकाणं संशोधकांच्या साथीने जीपीएस घेऊन नोंदवली, आणि पुढे हक्क मागताना तोच नकाशा पुरावा म्हणून कामी आला.

शेवटी सगळं येतं हक्कावर, आणि याचं उदाहरण गडचिरोलीतलं मेंढा लेखा. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. वाटलं संपलं. पण गावाने बांबू तोडून विकायला काढला तर वाहतूक पास मिळेना, कारण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात तेव्हा बांबू हे झाड होतं, आणि झाड खात्याचं. नव्या कायद्यात मात्र बांबू हे गौण वनोपज, म्हणजे गावाचं. एकच बांबू, दोन कायदे, मध्ये अडकलेला ट्रक. दीड-दोन वर्षं ही ओढाताण चालली आणि २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि पास द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात दिला. तेव्हापासून कुठला बांबू तोडायचा, किती, कोणत्या बेटाला हात लावायचा नाही, हे गावकरी सभेत बसून ठरवतात, एकमताने, म्हणजे एकजण जरी अडून बसला तरी सभा पुढच्या वेळेला जाते.